नातीला, आजोबांना आणि मावशीला एकच इंजेक्शन: हे कसं?

प्रश्न थोडक्यात असा. एका ताईंच्या साडेसात वर्षांच्या मुलीत वेळेआधीच वयात येण्याची लक्षणं दिसू लागली, म्हणून तिला दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन चालू आहे. तेच औषध त्यांच्या सासऱ्यांना प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी मिळतं. आणि गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीला आयव्हीएफमध्ये, स्त्रीबीजं काढायच्या दीड दिवस आधी, पुन्हा तेच टोचलं. ‘दोघांचे हार्मोन बंद करायला आणि तिसरीचे चालू करायला एकच औषध? डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या रिसेप्टरवर काम करतं. म्हणजे नक्की काय करतं? आणि औषध एकच असेल तर सासऱ्यांचं आणि मुलीचं एकत्र मागवून वाटून घेतलं तर चालेल का?’

वाटून घेऊ नका. कारण शेवटी सांगतो, कारण बाकीचं समजल्याशिवाय ते पटणार नाही. उरलेला प्रश्न मात्र फार चांगला आहे. हार्मोनच्या आजारांत मला पंचवीस वर्षं झाली. एमडीच्या तोंडी परीक्षेत मी हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो आणि निम्मी मुलं अडखळतात.

तुमच्या डॉक्टरांच्या वाक्यात एक छोटी दुरुस्ती करतो. हा रिसेप्टर, म्हणजे हार्मोन ओळखून पेशीला निरोप देणारं प्रथिन, मुख्यतः मेंदूत नसून मेंदूच्या खाली लोंबणाऱ्या पियुषिका ग्रंथीत असतो. पिट्युटरी म्हणतात तीच. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, आकार हरभऱ्याच्या दाण्याएवढा. तिच्या डोक्यावर मेंदूचा हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो. तिथल्या काही चेतापेशी एक हार्मोन सोडतात. त्याचं पूर्ण नाव लांबलचक आहे, आपण जीएनआरएच म्हणू. ते एका खास छोट्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून थेट पियुषिकेत उतरतं आणि तिथल्या पेशींना सांगतं: एलएच आणि एफएसएच सोडा. ही दोन हार्मोनं रक्तातून अंडाशयाकडे किंवा वृषणाकडे जातात, आणि तिथून पुढे इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन, पाळी, दाढीमिशा, सगळा संसार.

या चेतापेशी माणसाच्या मेंदूत जेमतेम हजार-दोन हजार असतात. अब्जावधी चेतापेशींच्या मेंदूत हजार-दोन हजार! त्यांचा जन्मही मेंदूत होत नाही. गर्भात त्या नाकाच्या भागात तयार होतात आणि वासाच्या नसांचा हात धरून मेंदूत चालत जातात. हा प्रवास अडला तर मूल वयात येत नाही आणि त्याला वासही येत नाही. त्याला कालमान सिंड्रोम म्हणतात. म्हणून सतरा-अठरा वर्षांचा, मिसरूड न फुटलेला मुलगा समोर बसला की रक्ततपासणी लिहायच्या आधी मी त्याच्या आईला विचारतो, ‘घरात हिंगाची फोडणी पडली तर याला कळतं का?’ आई हसते. मुलगा कधीकधी म्हणतो, ‘नाही कळत.’ निम्मं निदान तिथेच झालेलं असतं.

आता औषध. जीएनआरएच ही फक्त दहा अमिनो आम्लांची साखळी आहे. अँड्र्यू शॅली आणि रोजे गिलेमँ या दोघांच्या चमूंनी, एकमेकांशी कडवी स्पर्धा करत, १९७१ च्या सुमारास तिची रचना शोधली. शॅलींनी डुकरांचे आणि गिलेमँनी मेंढ्यांचे मेंदू वापरले, तेही कत्तलखान्यातून लाखांच्या हिशेबात आणलेले, कारण एका मेंदूत हे हार्मोन इतकं कमी असतं. १९७७ चं नोबेल दोघांना मिळालं. त्यात तिसऱ्या मानकरी होत्या रोझलिन यॅलो, ज्यांच्या पद्धतीमुळे रक्तातलं इतकं अल्प हार्मोन मोजता येऊ लागलं.

रक्तात सुटलेलं जीएनआरएच दोन-चार मिनिटांत निम्मं होतं, कारण विकरं (एन्झाइम) त्याला मधोमध तोडतात. ल्युप्रोलाइड म्हणजे हीच साखळी, फक्त सहाव्या जागी ग्लायसिनऐवजी ल्युसिनचं आरशातलं रूप बसवलं आणि शेवटचं टोक थोडं बदललं. विकरांना ती सहजी तोडता येत नाही आणि रिसेप्टरला ती जास्त घट्ट धरते. म्हणजे तुमच्या मुलीला आणि सासऱ्यांना दिलेलं औषध हार्मोन अडवणारं नाही. ते त्या हार्मोनची जास्त ताकदीची, जास्त टिकणारी नक्कल आहे. तरीही ते हार्मोन बंद करतं. गंमत इथेच आहे.

त्यासाठी रिसेप्टर निरोप कसा पोचवतो ते बघू. जीएनआरएचचा रिसेप्टर ३२८ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे आणि पेशीच्या पटलातून ते सात वेळा आत-बाहेर जातं. धावदोरा घातल्यासारखं. बाहेरच्या बाजूला जीएनआरएच येऊन बसलं की आतल्या बाजूचा आकार किंचित बदलतो. तो बदल ओळखणारं जी-प्रथिन आत टेकून बसलेलंच असतं. जी-प्रथिनांच्या अनेक जाती आहेत. या रिसेप्टरचं काम मुख्यतः जीक्यू जातीशी चालतं. ते जागं झालं की एका विकराला टोचतं, आणि ते विकर पेशीपटलातलीच एक चरबी कापून तिचे दोन तुकडे करतं.

पहिला तुकडा, आयपी-३, पटल सोडून आत पळतो. पेशीच्या आत कॅल्शियमची कोठारं असतात. त्यांच्या दारावर आयपी-३ चा स्वतःचा रिसेप्टर असतो. दार उघडतं, कॅल्शियम पेशीत उसळतं, आणि आधीपासून भरून ठेवलेल्या एलएचच्या पुड्या पेशीबाहेर फुटतात. हे सगळं सेकंदांत, फार तर मिनिटांत. दुसरा तुकडा पटलातच राहतो आणि कायनेझ नावाच्या विकरांची साखळी चालू करतो. त्यांचं काम निरोप केंद्रकापर्यंत नेणं. तिथे ईजीआर-१ सारखी प्रथिनं तयार होतात, ती एलएचच्या जनुकावर जाऊन बसतात आणि नवा माल बनवायला लावतात. याला तास लागतात. म्हणजे एकाच टकटकीने दोन कामं होतात: दुकानातला माल विकला जातो आणि कारखान्याला पुढची ऑर्डर जाते.

हे पाठ्यपुस्तकात कुठेही मिळेल. खरी गोष्ट पिट्सबर्गमधल्या माकडिणींची आहे.

एर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडिणींच्या हायपोथॅलॅमसमधला जीएनआरएच चालवणारा भाग निकामी केला. एलएच आणि एफएसएच कोसळले, अपेक्षेप्रमाणे. मग बाहेरून जीएनआरएच सलाईनसारखं सतत दिलं. तर्काने हार्मोनं वर यायला हवी होती. आली नाहीत. पण तेच जीएनआरएच तासातून एकदा, सहा मिनिटं, असं देऊ लागल्यावर दोन्ही हार्मोनं पूर्ववत झाली. पुन्हा सतत दिलं, पुन्हा कोसळली. १९७८ साली हे प्रसिद्ध झालं आणि आमचं अख्खं शास्त्र कूस बदलून बसलं. पियुषिकेचा रिसेप्टर किती हार्मोन आलं एवढंच मोजत नाही, ते कोणत्या ठेक्यात आलं हे ऐकतो. ठेका असेल तर तो काम करतो. नुसता सूर लावून धरला तर थोड्या वेळाने कान बंद करतो.

दोन वर्षांनी याच गटाने अजून एक प्रयोग केला आणि ताई, तो तुमच्या मुलीसाठी मला फार मोलाचा वाटतो. वयात न आलेल्या लहान माकडिणींना त्यांनी तासाला एक असे जीएनआरएचचे ठोके दिले. त्या पिल्लांना पाळी सुरू झाली, बीजंही सुटू लागली. ठोके बंद केले. त्या पुन्हा लहान झाल्या. म्हणजे पियुषिका आणि अंडाशय बालपणापासून तयारच असतात. वयात येणं म्हणजे वरून ठोका सुरू होणं, आणि ठोका थांबला तर गाडी मागे येते. ‘आता एकदा सुरू झालं ते कसं थांबणार?’ असं आया विचारतात तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ही माकडिणींची पिल्लं येतात.

मग कान बंद होतात ते कसे? इथे निसर्गाने एक विचित्र गोष्ट केली आहे. अशा बहुतेक रिसेप्टरांना पेशीच्या आत एक शेपटी असते. जास्त वेळ हार्मोन बसून राहिलं की त्या शेपटीवर फॉस्फेटच्या खुणा पडतात, अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन तिला चिकटतं, आणि काही मिनिटांतच रिसेप्टरचा जी-प्रथिनाशी संबंध तुटतो. दम्याचा पंप वारंवार घेतला की परिणाम उतरतो त्यामागे हा शेपटीचा खेळ असतो. माशांच्या, बेडकांच्या जीएनआरएच रिसेप्टरला ही शेपटी आहे. माणसाच्या रिसेप्टरला ती नाही. उत्क्रांतीत गळून पडली. त्यामुळे आपला रिसेप्टर पटकन बहिरा होऊ शकत नाही.

होतो तो हळूहळू, आणि अनेक बाजूंनी. काही रिसेप्टर पेशी आत ओढून नष्ट करते. नवे बनवणं कमी करते. कॅल्शियमच्या कोठारांवरची आयपी-३ ची दारंही सततच्या माऱ्याने मोडीत निघतात, म्हणजे वरून टकटक झाली तरी आत उसळी येत नाही. सततच्या जीएनआरएचने एफएसएच-एलएचचा नवा माल बनवण्याची ऑर्डरही मंदावते. या सगळ्याला एक ते दोन आठवडे लागतात. घराची बेल कोणी दाबून धरली तर माणूस आधी दार उघडायला धावतो, मग वैतागतो, आणि शेवटी वायरच काढून ठेवतो. पण वायर निघेपर्यंत बेल वाजतच असते.

हा मधला वाजण्याचा काळ, आमच्या बोलीत ‘फ्लेअर’, तुमच्या घरातल्या तिन्ही पेशंटांची किल्ली आहे.

मुलीचं बघा. डेपो इंजेक्शनमधलं औषध जखमेला घालतात त्या विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीच्या प्लास्टिकच्या सूक्ष्म गोळ्यांत भरलेलं असतं. त्या गोळ्या स्नायूत हळूहळू झिजतात आणि औषध आठवडेच्या आठवडे पाझरत राहतं. पाझर सतत, म्हणून ठेका नाही, म्हणून पियुषिका बहिरी. पण पहिल्या डोसनंतरच्या दोन आठवड्यांत आधी ती खवळते. थोडं इस्ट्रोजेन वाढतं, मग एकदम पडतं, आणि काही मुलींना एकदा थोडा रक्तस्राव होतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एका आईला हे सांगायला विसरलो होतो. रात्री साडेअकराला त्या बाईंचा रडत फोन आला: ‘पाळी थांबवायला इंजेक्शन दिलंत आणि पाळीच आली हो डॉक्टर!’ चूक माझीच होती. तेव्हापासून पहिल्या डोसच्या कागदावर मी हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहितो. असा स्राव पहिल्या महिन्यात, एकदाच झाला तर घाबरू नका. नंतर पुन्हा झाला तर मात्र कळवा, कारण त्याचा अर्थ कान पुरते बंद झालेले नाहीत.

यातूनच दुसरी गोष्ट निघते: तारीख चुकवायची नाही. पाझर आटला की रिसेप्टर परत पृष्ठभागावर येऊ लागतात. मग तुम्ही तीन आठवडे उशिरा पुढचं इंजेक्शन दिलंत तर ते जाग्या झालेल्या पियुषिकेवर पडतं, आणि फ्लेअर पुन्हा पहिल्यापासून. मे महिन्यात गावाला गेलो, लग्न होतं, शाळेची सहल होती. मला सगळी कारणं पाठ आहेत. चार दिवस इकडेतिकडे झाले तर आकाश कोसळत नाही, पण महिना काढू नका.

सासऱ्यांचं तत्त्व तेच, धोका वेगळा. प्रोस्टेटच्या कॅन्सरला टेस्टोस्टेरॉन हे खत. पियुषिका बहिरी झाली की एलएच पडतं, वृषणं थंडावतात, आणि तीन-चार आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन शस्त्रक्रियेने वृषणं काढल्याइतकं खाली जातं. पण त्याआधीचा फ्लेअर म्हणजे कॅन्सरला दोन आठवडे जास्तीचं खत. आजार मणक्यात पसरलेला असेल तर तेवढ्या वाढीनेही मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. म्हणून पहिल्या इंजेक्शनच्या आगेमागे काही आठवडे बायकॅल्युटामाइडसारखी गोळी देतात. ती टेस्टोस्टेरॉनला त्याच्या स्वतःच्या रिसेप्टरवर बसू देत नाही. त्यांना अशी गोळी महिनाभर दिली आणि मग बंद केली असेल, तर ती यासाठी. काही रुग्णांत डॉक्टर वेगळ्या जातीचं औषध निवडतात, डेगारेलिक्ससारखं. ते त्याच रिसेप्टरवर जाऊन बसतं पण त्याला हलवत नाही. खुर्ची अडवून बसलेला मुका पाहुणा. फ्लेअर नाही, परिणाम काही तासांपासून दिसू लागतो.

आणि बहीण. तिच्या डॉक्टरांनी बहुधा आधी असाच एक मुका पाहुणा, सेट्रोरेलिक्स किंवा गॅनिरेलिक्स, रोज टोचून बीजं वेळेआधी सुटू दिली नसतील. मग फॉलिकल, म्हणजे बीजं वाढवणाऱ्या अंडाशयातल्या पिशव्या, पुरेसे वाढल्यावर ल्युप्रोलाइडचा एकच, साधा, डेपो नसलेला डोस दिला. पियुषिकेतले रिसेप्टर शाबूत होते, फक्त अडवलेले होते. ल्युप्रोलाइडने मुक्या पाहुण्यांना बाजूला सारलं आणि सगळे रिसेप्टर एकदम वाजवले. एलएचची लाट उठली, बीजं पक्व झाली, छत्तीस तासांच्या सुमारास काढली. लाट एक-दीड दिवसात ओसरली, वायर काढायची वेळच आली नाही. जो फ्लेअर तुमच्या मुलीत त्रास आणि सासऱ्यांत धोका, तोच तिच्यासाठी औषध.

दोन कारणांसाठी हे मला सुरेख वाटतं. पहिलं, ही लाट छोटी असल्याने अंडाशय फुगून पोटात पाणी भरण्याचा, कधी जिवावर बेतणारा त्रास फार कमी होतो. पीसीओएसच्या, म्हणजे बीज नियमित न सुटण्याचा विकार असलेल्या, मुलींत याचं मोल मोठं. दुसरं, हीच बहीण जर जुन्या ‘लाँग प्रोटोकॉल’वर असती, म्हणजे आधी दोन-तीन आठवडे ल्युप्रोलाइड चालू असतं, तर शेवटी ल्युप्रोलाइडचा ट्रिगर, म्हणजे बीजं पक्व करणारा तो एक डोस, चाललाच नसता. रिसेप्टरच उरले नसते. औषध तेच, डोस तोच, पेशंट तीच. फक्त आधीचे वीस दिवस वेगळे.

आता थोडं वर जाऊ. पियुषिकेला ठोका जीएनआरएचच्या पेशी देतात, पण त्यांना ठोका कोण देतं? हे कळायला २००३ उजाडलं. त्याच वर्षी फ्रान्स आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की काही कुटुंबांतली मुलं वयात येत नाहीत कारण त्यांचा जीपीआर-५४ नावाचा रिसेप्टर बिघडलेला आहे. या रिसेप्टरवर बसणारं हार्मोन म्हणजे किसपेप्टिन. नावाचा किस्सा असा की त्याचं जनुक १९९६ मध्ये कॅन्सरच्या संशोधनात, पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात सापडलं, आणि त्या गावच्या ‘किसेस’ चॉकलेटवरून त्याला ते नाव पडलं. प्रजननाशी त्याचा संबंध आहे हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पुढे मात्र नाव असं चपखल बसलं की विद्यार्थी आयुष्यभर विसरत नाहीत.

हायपोथॅलॅमसच्या तळाशी एक पेशींचा पुंजका आहे. तिथली एकेक पेशी तीन निरोपे सांभाळते: किसपेप्टिन, न्यूरोकायनिन-बी आणि डायनॉर्फिन. न्यूरोकायनिन-बी शेजारच्या बहिणींना चेतवतं. त्याचा एनके-३ रिसेप्टर पुन्हा जीक्यू जातीचाच, कॅल्शियम उसळवणारा. एक पेटली की दुसरी पेटते आणि सगळा पुंजका एकदम बोलतो. बाहेर पडतं ते किसपेप्टिन, जे जीएनआरएचच्या पेशींना जागं करतं. मागोमाग डायनॉर्फिन येतं. त्याचा ‘कॅपा’ नावाचा रिसेप्टर अफूच्या रिसेप्टरांच्या घराण्यातला. त्याचं जी-प्रथिन उलट्या जातीचं, पोटॅशियमची दारं उघडून पेशीला शांत करणारं. सगळं निपचित. मग पुन्हा न्यूरोकायनिन. पेटवा, विझवा, पेटवा, विझवा. तासाभराचा तो ठोका इथे जन्मतो. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन या डायनॉर्फिनची बाजू घेतं, म्हणून मासिक चक्राच्या उत्तरार्धात ठोके तीन-चार तासांवर जातात.

त्याचा परिणाम खाली लगेच दिसतो. पियुषिकेची तीच पेशी जलद ठोक्यांना एलएच जास्त बनवते आणि संथ ठोक्यांना एफएसएच. दोन्हींसाठी रिसेप्टर एकच! फरक केंद्रकात पडतो: ईजीआर-१ पटकन बनतं आणि पटकन संपतं, त्यामुळे जलद ठोक्यांतच ते एलएचच्या जनुकावर टिकून राहतं, तर जलद ठोक्यांत एफएसएचचं जनुक दाबणारी प्रथिनं साचतात. पीसीओएसमध्ये बीज नियमित सुटत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही, म्हणून ठोके सतत जलद, म्हणून एलएच वर आणि एफएसएच मागे, म्हणून फॉलिकल अर्धवट वाढून थांबतात. म्हणूनच्या या साखळीला सुरुवात कुठली यावर आमच्यात अजून वाद होतात, पण एकदा चक्र बसलं की ते स्वतःला फिरवत राहतं.

मुलीचं घड्याळ लवकर का सुरू झालं, हेही विचारलं जाईलच; सासरी-माहेरी दोन्हीकडे. बहुतेक मुलींत ठोस कारण सापडत नाही. पण २०१३ मध्ये एमकेआरएन-३ नावाचं जनुक सापडलं, जे लहानपणी या पुंजक्यावर ब्रेक लावून असतं. त्यात दोष असेल तर वयात येणं लवकर सुरू होतं. हे जनुक फक्त वडिलांकडून आलेलं चालतं, आईकडून आलेलं मुकं असतं. आपल्याकडे मुलगी लवकर शहाणी झाली की सगळे आईकडे बघतात, ‘तुला कितव्या वर्षी आली होती?’ मी मुद्दाम वडिलांकडे वळून त्यांच्या बहिणींचं आणि आईचं वय विचारतो. निदान त्या बाईला खोलीत जरा श्वास घेता येतो.

इस्ट्रोजेनचा रिसेप्टर या सगळ्यांहून वेगळ्या घडणीचा. इस्ट्रोजेन चरबीत विरघळतं, थेट पेशीत शिरतं, तिथे रिसेप्टर त्याला धरून डीएनएवर नेऊन बसवतो. निरोप्या नाही, कॅल्शियम नाही; परिणाम तासांनी, दिवसांनी. गोंधळ असा होता की इस्ट्रोजेन सहसा जीएनआरएच कमी करतं, पण महिन्यातून एकदा एलएचची लाट उठवतं, आणि जीएनआरएचच्या पेशींत इस्ट्रोजेनचा मुख्य अल्फा रिसेप्टर सापडतच नाही. उत्तर किसपेप्टिनच्या पेशींत निघालं. त्यांत तो रिसेप्टर आहे. उंदरांत दोन पुंजके आहेत: एकाला इस्ट्रोजेन दाबतं, दुसऱ्याला चेतवतं. बायकांत रक्तातलं इस्ट्रॅडिओल (मुख्य इस्ट्रोजेन) दर मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या वर सलग पन्नास तासांच्या आसपास राहिलं की पारडं फिरतं. त्याच वेळी पियुषिकेवर जीएनआरएचचे रिसेप्टरही वाढलेले असतात. लाट उठते. तुमच्या बहिणीला जे सुईने दिलं ते हे.

आणि इस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉन कायमचंच गेलं तर? पुंजक्यावरचा दाब जातो, त्या पेशी फुगतात, आणि त्यांच्या तारा शेजारच्या तापमान सांभाळणाऱ्या भागातही जातात. रजोनिवृत्तीत अंगातून वाफा निघतात त्या इथून. तुमच्या सासऱ्यांना हल्ली रात्री घाम फुटतो का, बनियन बदलावी लागते का? विचारून बघा, पुरुष आपणहून सांगत नाहीत. कारण अगदी हेच. २०२३ मध्ये अमेरिकेत फेझोलिनेटंट हे औषध रजोनिवृत्तीतल्या बायकांसाठी मंजूर झालं. ते हार्मोन न देता फक्त एनके-३ रिसेप्टर अडवतं. यकृतावर लक्ष ठेवावं लागतं, पण तर्क किती सरळ आहे बघा.

प्रोलॅक्टिनबद्दल, म्हणजे दूध आणणाऱ्या हार्मोनबद्दल, दोनच शब्द, कारण आपल्या भागात त्याचा घोळ जास्त होतो. त्याच्या रिसेप्टरला जी-प्रथिन लागत नाही. दोन रिसेप्टर जोडीने येतात, चिकटलेलं जॅक नावाचं विकर पेटतं आणि स्टॅट नावाचं प्रथिन केंद्रकात जातं. प्रोलॅक्टिन वाढलं की किसपेप्टिन दबतं, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईला पाळी येत नाही. एरवी डोपामिन हा मेंदूतला निरोप्या आपल्या डी-२ रिसेप्टरमधून प्रोलॅक्टिनवर लगाम ठेवतं. ॲसिडिटीच्या ज्या गोळ्यांत डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं, त्या हा लगाम सोडतात. पाळी थांबली, छातीतून दूध येतंय, एमआरआय करू का, म्हणून आलेल्या किती तरी बायकांचा इलाज मी त्यांच्या पर्समधली ती पट्टी काढून घेऊन केला आहे.

हेच डोम्पेरिडोन मत्स्यशेतीत मात्र कामाला येतं. रोहू-कटला तळ्यात अंडी सोडत नाहीत, कारण कार्प माशांत डोपामिन थेट एलएचलाच दाबून ठेवतं. १९५७ च्या १० जुलैला ओडिशात हिरालाल चौधरींनी पियुषिकेचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवलं. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे. पुढे अर्काची जागा सॅल्मन माशाच्या जीएनआरएचची नक्कल अधिक डोम्पेरिडोन अशा तयार इंजेक्शनने घेतली. एक ठोका द्या आणि लगाम सोडा. मुलीला ल्युप्रोलाइड देताना मला हे मासे आठवतात, हे तिच्या आईला सांगण्यासारखं नाही खरं.

मुलीसाठी कामाचं: जीएनआरएच स्वतः रक्तात मोजता येत नाही, हाताच्या शिरेत पोचेपर्यंत ते संपलेलं असतं. म्हणून आम्ही एलएच मोजतो, उंचीचा वेग बघतो, हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय बघतो. इंजेक्शन साधारण अकराव्या वर्षाच्या सुमारास थांबवतात. रिसेप्टर परत येतात, पुंजक्याचा ठोका खाली पोचू लागतो, आणि बहुतेक मुलींना वर्ष-दीड वर्षात पाळी येते. या औषधाने पुढे मूल व्हायला अडचण येते असं दिसलेलं नाही. सासूबाईंना हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा.

राहिलं वाटून घेणं. सासऱ्यांचं इंजेक्शन आणि मुलीचं इंजेक्शन यांतलं औषध एकच असलं तरी गोळ्यांचा पाझर वेगळा बेतलेला असू शकतो: एक महिन्याचा, तीन महिन्यांचा, सहा महिन्यांचा. पावडर द्रवात मिसळली की गोळ्या तळाशी बसू लागतात, त्यामुळे अर्धा द्रव काढला म्हणजे अर्धं औषध आलं असं होत नाही. आणि अर्ध्या पाझराने पियुषिका पुरती बहिरी होत नाही. ती मधूनमधून ऐकत राहते. ते औषध न देण्याहून वाईट. दोघांची खोकी फ्रिजमध्ये किंवा बाहेर, जसं त्यावर लिहिलंय तसं, पण वेगळ्या डब्यांत ठेवा, आणि प्रत्येकावर ठळक नाव घाला. पैशांची ओढ मला कळते. मुलीचं महिन्याचं आणि तीन महिन्यांचं, दोन्ही इंजेक्शनांचा वर्षाचा हिशेब तुमच्या डॉक्टरांसमोर मांडा. त्यातलं कुठलं स्वस्त पडतं आणि तिला कुठलं पुरतं हे ते एलएच बघून सांगू शकतील.